माळ्यावरचा व्हिडिओ गेम आणि भिंतीवरचा नवा टीव्ही



या सदरात आपण फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार, कडबाकुट्टी अशा यंत्रांविषयी बोलत आलो. आज घरातल्या एका लहानशा यंत्राविषयी बोलायचे आहे. विषय वाचून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "साहेबांना आता खेळ सुचू लागले!" म्हणोत बापडी. पण गावोगाव फिरताना, बियाण्याची आणि खताची चर्चा आटोपली आणि चहाचे कप आले की हा प्रश्न हमखास निघतो. "साहेब, आमचा जुना कॅसेटचा व्हिडिओ गेम माळ्यावर सापडला. पोरं मागे लागली आहेत. पण नव्या टीव्हीला तो लागतच नाही. गेम बिघडला की टीव्ही?"

बहुतेक वेळा दोन्हींपैकी काहीच बिघडलेले नसते. दोघांची भाषा वेगळी असते, एवढेच. ती भाषा जुळवायची कशी, त्यात कुठे पैसा वाया जातो आणि कुठे वस्तू कायमची जळते, हे आज क्रमाने पाहू.

प्रथम हे यंत्र कोणते ते ध्यानात घ्या. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा खेळ बाजारात आणला. मारिओचा प्रसिद्ध खेळ त्यावरच १९८५ साली आला. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात तालुक्याच्या बाजारात आणि जत्रेत जे कॅसेटचे गेम मिळू लागले, त्यांतले बहुतेक या जपानी यंत्राच्याच नकला होत्या. नावे निरनिराळी, पेटीचा रंग निराळा, पण आतले काम तेच. ज्या घरी तो आला, त्या घरी आळीतली सगळी पोरे गोळा होत. कांद्याला बरा भाव मिळाला म्हणून वडिलांनी हौसेने आणलेला तो गेम आज चाळिशीतल्या माणसाच्या हाती पुन्हा लागतो, तेव्हा त्याची किंमत बाजारभावाने होत नाही. म्हणून घाई करू नका, असे माझे पहिले सांगणे.

जुना टीव्ही चित्र कसे घेत असे?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळच्या डब्ब्यासारख्या टीव्हीला मागे अँटेनाची वायर लावण्यापुरते एक भोक असे. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी युक्ती केली. गेमच्या पेटीतच एक इवलेसे क्षेपण केंद्र बसवले. गेमची वायर अँटेनाच्या जागी लावायची, टीव्हीचे बटण फिरवत राहायचे आणि मुंग्या जाऊन चित्र आले की थांबायचे. पुढे टीव्हीला पिवळी, पांढरी आणि लाल अशी भोके आली. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या-लालमधून आवाज. याला 'एव्ही' म्हणतात. यात चित्र अधिक स्वच्छ येते, कारण हवेतल्या लहरीचा वेष देण्याची आणि तो पुन्हा उतरवण्याची खटपट वाचते.

नव्या एलईडी टीव्हीचे मुख्य भोक 'एचडीएमआय' नावाचे असते. त्याचा नियमग्रंथ २००२ साली तयार झाला. चपटे, दोन्ही कोपरे कापल्यासारखे भोक. सेटटॉप बॉक्सची वायर बहुधा त्यातच जाते. जुना गेम चित्र पाठवतो ते वरखाली होणाऱ्या विजेच्या लाटेच्या रूपाने. एचडीएमआय मात्र चित्राचे आकडे मागते. एक जण मापाने धान्य मोजतो आणि दुसरा वजनाने. पायलीची पायली ओतून दिली तरी वजनकाट्यावाला म्हणणार, 'किलो किती ते सांग.' म्हणून नुसती पिन बदलून भागत नाही. मध्ये दुभाष्या लागतो.

जोडण्याआधी गेम तपासा

वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडलेली वस्तू थेट विजेला लावू नये. आधी कोरड्या फडक्याने पुसा. वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपून पाहा. उंदराने कुरतडलेली, तांबे उघडे पडलेली वायर वापरायची नाही. पेटी हलवून पाहा. आतून खडखड आली तर झुरळांची घाण, गंज किंवा सुटलेला स्क्रू असू शकतो. अशी पेटी आधी जाणकार मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे अडॅप्टर. हा परिच्छेद घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. जुन्या गेमचा अडॅप्टर बहुधा हरवलेला असतो. मग घरात शोधाशोध होते आणि हाती लागतो बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा चार्जर. त्याची गोल पिन गेमच्या भोकात अगदी नेमकी बसते. माणसाला वाटते, बसली म्हणजे जमले. पण तो चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी असतो आणि ती भरण्यासाठी १२ पेक्षाही जास्त व्होल्ट सोडतो. गेमला मात्र बहुधा ९ व्होल्टच्या आसपास लागतात. एका गावी असाच प्रकार पाहिला. वडिलांनी घेतलेला गेम मुलाने तीस वर्षे जपला होता. पंपाचा चार्जर लावला, बटण दाबले, जळका वास आला आणि संपले. त्या घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. नवा गेम बाजारात मिळतो, पण तो नव्हे. पिन बसली म्हणजे अडॅप्टर बसला, असे समजू नका.

अडॅप्टर निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट व्होल्ट. गेमच्या तळाशी किंवा भोकाजवळ आकडा छापलेला असतो. अडॅप्टरचा आकडा तोच हवा. शिवाय 'डीसी' की 'एसी' हेही वाचा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेन्डोला ९ व्होल्ट एसी देणारा अडॅप्टर होता, तर जपानी पेटीला १० व्होल्ट डीसी लागे. नातेवाइकांनी परदेशातून आणलेला गेम असेल तर हे विशेष पाहावे. त्यातही अमेरिकेचा अडॅप्टर १२० व्होल्टच्या आणि जपानचा १०० व्होल्टच्या विजेसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो थेट घातला तर क्षणात जळेल.

दुसरी गोष्ट अधिक-उण्याची दिशा. लेबलवर एक ठिपका, त्याभोवती अर्धगोल आणि दोन्हीकडे अधिक-उणे अशी खूण असते. मधल्या ठिपक्याची रेघ उण्याकडे जात असेल तर पिनेच्या मध्यभागी उणे. काही गेमना मध्ये उणे लागते, काहींना अधिक. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या एकाच नावाच्या खेळात पहिल्या बनावटीला मध्ये उणे लागते आणि दुसऱ्या बनावटीला अधिक. तेव्हा नाव पाहून अंदाज बांधू नका, खूण वाचा. खूण पुसली असेल तर मल्टिमीटर असलेल्या मेकॅनिककडून पेटी पाहून घ्या.

तिसरी गोष्ट अँपिअर. हा आकडा गेमच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असला तरी चालतो. जास्त अँपिअर म्हणजे विहिरीत जास्त पाणी. मोटार उपसते तेवढेच उपसते. पण व्होल्ट जास्त म्हणजे दाब जास्त, आणि दाबाने पाइप फुटतो.

कॅसेटविषयी थोडे. लहानपणी आपण सर्वांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे. फुंकरीने काम झाल्यासारखे वाटे, कारण कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात. फुंकरीतला ओलावा मात्र पिनांवर गंज धरवतो. त्याऐवजी औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पिना हलक्या हाताने पुसाव्या आणि पूर्ण वाळू द्याव्या. रॉकेल, पेट्रोल किंवा पाणी वापरू नये. कॅसेट घालताना आणि काढताना गेम बंदच असावा.

आणि घरात जुना डब्बा टीव्ही अजून चालू असेल तर गेम आधी त्यालाच लावून पाहा. तिथे चित्र आले तर गेम निरोगी आहे हे कळले. मोटार पाणी उचलत नसेल तर आपण एकदम सगळे खोलत नाही. आधी स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह, असे एकेक पाहतो. इथेही तोच नियम.

टीव्हीच्या मागे काय आहे ते पाहा

आता टीव्ही भिंतीवरून थोडा पुढे ओढून त्याची पाठ आणि बाजू विजेरीने नीट पाहा. वायर लावताना गेम आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवा. खालीलपैकी एक प्रकार दिसेल.

प्रकार पहिला : पिवळे, पांढरे, लाल अशी स्वतंत्र भोके. हे घर नशीबवान. गेमची पिवळी पिन पिवळ्यात आणि दुसरी पांढऱ्यात घाला. मग रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून 'एव्ही' निवडा. खर्च शून्य. हे बटण न दाबल्यामुळेच कित्येक चांगले गेम बिघडलेले ठरतात.

प्रकार दुसरा : पिवळे भोक नाही, पण हिरवे, निळे, लाल, पांढरे, लाल अशी पाच भोके. यांतल्या हिरव्या भोकाभोवती बहुधा पिवळी कडा असते किंवा शेजारी 'व्हिडिओ' असे लिहिलेले असते. एकच भोक दोन कामांना ठेवलेले असते. गेमची पिवळी पिन या हिरव्यात घाला आणि सोर्समध्ये 'एव्ही' निवडा. 'कंपोनंट' निवडले गेले तर चित्र काळेपांढरे येते किंवा येतच नाही. एका घरी अशा काळ्यापांढऱ्या चित्रावरून टीव्ही सदोष ठरवून तो टेम्पोत घालून दुकानात परत नेण्याची तयारी झाली होती. रिमोटचे एक बटण दाबल्यावर रंग आले आणि टेम्पो रिकामा परत गेला.

प्रकार तिसरा : रंगीत भोके नाहीत, पण इअरफोनसारखे लहान गोल भोक आहे आणि शेजारी 'एव्ही' असे लिहिले आहे. यासाठी एक तोकडी वायर लागते. तिच्या एका टोकाला लहान पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोके असतात. ती टीव्हीच्या खोक्यातच येत असे, म्हणून खोके टाकण्यापूर्वी पाहा. बाजारातून आणणार असाल तर पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा हव्यात. दोन रेघांची वायर फक्त आवाजाची असते. आणखी एक मेख अशी की निरनिराळ्या कंपन्या या पिनेच्या भागांचा क्रम वेगवेगळा ठेवतात. पिवळ्यातून चित्र न येता टीव्ही घूंऽऽ असा आवाज करू लागला तर गेमची पिवळी पिन लाल आणि पांढऱ्या भोकांत आलटून पालटून पाहा. त्याने काही बिघडत नाही. पण हे भोक आणि हेडफोनचे भोक शेजारी-शेजारी असू शकतात. अक्षर वाचूनच पिन घाला.

प्रकार चौथा : यांतले काहीच नाही, फक्त एचडीएमआय. इथे तो दुभाष्या, म्हणजे कन्व्हर्टर घ्यावा लागतो. काड्यापेटीहून थोडी मोठी अशी डबी काही शे रुपयांत मिळते. घेताना एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा. दोन तऱ्हेच्या डब्या अगदी एकसारख्या दिसतात. एक 'एव्ही टू एचडीएमआय' आणि दुसरी 'एचडीएमआय टू एव्ही'. दुसरी डबी नवा सेटटॉप बॉक्स जुन्या टीव्हीला लावण्यासाठी असते. आपल्याला पहिली हवी. पाइपलाइनवरच्या एनआरव्हीसारखे समजा. बाण ज्या दिशेचा, पाणी त्याच दिशेने जाणार. उलटा बसवला तर मोटार कितीही चालवा, पाणी येणार नाही. दुकानात सांगताना 'गेम जुना, टीव्ही नवा' असे सांगा आणि डबीवर रंगीत भोकांपाशी 'इन' व एचडीएमआयपाशी 'आउट' लिहिले आहे ना, हे स्वतः वाचा. नुसती वायर, म्हणजे एका टोकाला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना, मध्ये डबी नाही, अशी स्वस्त वस्तूही मिळते. तिने हे काम होत नाही. तिच्यात दुभाष्याच नसतो.

डबीला स्वतःचे ५ व्होल्ट लागतात. सोबतची यूएसबी वायर टीव्हीच्या यूएसबी भोकात लावली तर बहुधा पुरते आणि टीव्ही बंद झाला की डबीही आपोआप बंद होते. चित्र थरथरू लागले किंवा डबी मध्येच बंद पडू लागली तर मोबाइलचा चांगला चार्जर लावावा. वीज न देता डबी चालत नाही, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असते.

प्रकार पाचवा : गेमलाच फक्त अँटेनाची वायर आहे, पिवळी पिन नाही. अशा वेळी टीव्हीच्या अँटेना भोकात ती वायर लावा. मग चॅनेल शोधण्याच्या पानावर जाऊन 'ॲनालॉग' निवडा आणि गेम चालू ठेवून शोध सुरू करा. पुष्कळ टीव्हींत ही सोय आहे. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक क्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली, त्यामुळे शोधात दुसरे काही न सापडता तुमचा गेमच सापडला तर नवल मानू नका. टीव्हीत ॲनालॉग शोध नसेल आणि घरात जुना व्हीसीआर असेल, तर गेम त्याच्या अँटेना भोकात लावून व्हीसीआरचे पिवळे-पांढरे टोक वर सांगितल्याप्रमाणे टीव्हीला किंवा डबीला जोडता येते.

चित्र आले, पण मनासारखे नाही

चित्र आले की पोरे नाचतात आणि वडील म्हणतात, "पूर्वी याहून छान दिसायचे." ते खोटे बोलत नाहीत. हा खेळ चित्र काढतो तेच २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे. म्हणजे ६१,४४० ठिपके झाले. नव्या फुल एचडी टीव्हीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. एका गुंठ्याची रोपे ३४ गुंठ्यांत पांगवल्यासारखे होते. रान विरळ दिसणारच. त्यातून टीव्ही ते चित्र आडवे ताणतो आणि मारिओ बुटका, जाडा दिसतो. जुन्या टीव्हीचा पडदा ४ रुंद आणि ३ उंच या प्रमाणाचा होता, नव्याचा १६ रुंद आणि ९ उंच. रिमोटवर 'पिक्चर साइज' किंवा 'ॲस्पेक्ट' शोधून '४:३' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्या, आकार खरा होईल.

दुसरी तक्रार म्हणजे बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. याचे कारण मजेशीर आहे. जुन्या पद्धतीत टीव्हीचे चित्र एकाआड एक सरी भिजवावी तसे येत असे. आधी विषम रेघा, मग सम रेघा. जुना गेम मात्र दर वेळी त्याच सऱ्यांत पाणी सोडतो. नव्या टीव्हीला वाटते, उरलेल्या सऱ्या मागून येत आहेत. तो थांबतो, दोन चित्रे जुळवतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या कारभारात उशीर होतो. उपाय सोपा आहे. चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा. चित्र सुधारण्याच्या बाकीच्या सोयी बंद करा. उशीर पूर्ण जात नाही, पण खेळता येते.

पडद्यावर जाड आडवा पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकत असेल तर बहुधा अडॅप्टर थकलेला असतो किंवा घरातले व्होल्टेज फार पडलेले असते. शेजारची मोटार चालू असताना असे होत असेल तर कारण उघड आहे. चित्र काळेपांढरे असेल किंवा सारखे गोल फिरत असेल आणि गेम परदेशातून आलेला असेल, तर टीव्हीच्या किंवा डबीच्या सेटिंगमध्ये 'पाल' आणि 'एनटीएससी' ही नावे शोधा. आपल्याकडची जुनी पद्धत पाल, सेकंदाला ५० वेळा पडदा भरणारी. अमेरिका-जपानची एनटीएससी, ६० वेळा भरणारी. गेम जिथला, ती निवडावी.

एका गोष्टीवर मात्र पैसा घालू नका, ती म्हणजे बदके मारायची बंदूक. ती नव्या टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी टिपतो. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो, शिवाय त्या डोळ्याला जुन्या काचेच्या नळीवर रेघेरेघेने चमकणाऱ्या उजेडाचीच ओळख असते. बंदूक बिघडलेली नसते. दुकानदार नवी विकू लागला तर नम्रपणे नको म्हणावे.

हीच वायर आणखी कशाला?

घरात प्लेस्टेशन २ असेल तर त्यालाही पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना असतात आणि वरचे सारे नियम लागू पडतात. टीव्हीला पाच भोके असतील तर त्याची 'कंपोनंट' वायर घ्यावी. चित्रात लक्षणीय फरक पडतो.

पण माझ्या मते या डबीचा सर्वांत मोठा उपयोग दुसराच आहे. आपल्या कितीतरी घरांत लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी कपाटात पडून आहेत. त्यांत गेलेली आजी चालताबोलता दिसते, वडील तरुण दिसतात. चालू व्हीसीआर मिळाला तर त्याच तीन पिनांनी आणि त्याच डबीने ती कॅसेट नव्या टीव्हीवर दिसते. कॅसेटच्या खिडकीतून पाहा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका. फीत तुटते आणि व्हीसीआरही खराब होतो. अशी कॅसेट जाणकाराकडून साफ करून, संगणकात उतरवून घ्यावी. चुंबकाची फीत वर्षागणिक क्षीण होत जाते. गेम पुढच्या दिवाळीला लावला तरी चालेल, पण हे काम लांबवू नये.

जुन्या टीव्हीचे काय करावे?

चालू असेल तर ठेवा. या खेळांना त्याच्यासारखा सोबती नाही. बंदूकसुद्धा त्यावर चालते. बंद असेल तर घरी उघडू नका. त्याच्या काचेच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही काही काळ विजेचा साठा राहू शकतो. ती नळी ओढ्यात, बांधावर किंवा उकिरड्यावर फोडू नका, पोरांना फोडू देऊ नका. त्या काचेत शिसे असते. उकिरड्याचे खत शेवटी आपल्याच रानात जाते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. असा माल नोंदणीकृत संकलकाकडे किंवा विक्रेत्याच्या परत घेण्याच्या सोयीत द्यावा.

थोडक्यात क्रम असा. आधी अडॅप्टरची खूण वाचा. मग टीव्हीची पाठ पाहा. मग सोर्सचे बटण दाबा. त्यानंतर वायर, आणि सर्वांत शेवटी कन्व्हर्टर. पाकीट उघडण्याची वेळ पुष्कळ घरांत येतच नाही. आकाशात विजा चमकू लागल्या की अडॅप्टर, टीव्ही आणि छत्रीची वायर काढून ठेवा. भारनियमनानंतर वीज आली की पाच मिनिटे थांबून मगच चालू करा.

आणि पालकांनो, एक शेवटचे. आज घरात चार माणसे आणि चार मोबाइल. प्रत्येकाची मान खाली. या जुन्या गेमला दोन रिमोट आहेत आणि पडदा एकच. तो खेळायचा तर दोघांना एका सतरंजीवर शेजारी बसावे लागते, पाळी लावावी लागते, हरल्यावर रिमोट दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. ज्या बापाला मुलाच्या मोबाइलमधले काही कळत नाही, तो इथे मुलाला शिकवू शकतो. वेळ मात्र आधी ठरवावी. तासाभराने पेटी बंद, आणि गोठ्यातली कामे जागच्या जागी.

पुढील लेखात सोयाबीनचे घरचे बियाणे राखण्याविषयी आणि उगवणशक्ती घरच्या घरी तपासण्याविषयी सांगेन. तोवर रामराम.